कॉलेज विद्यार्थ्याचा १८८७ चा फोटो-अल्बम: सात चित्रे विकावीत की अल्बम अखंड ठेवावा?

बडोद्याच्या सुलतानपुऱ्यातील एका गृहस्थांनी सविस्तर पत्र लिहिले आहे. वाड्याची वाटणी होताना त्यांच्या वाट्याला पणजोबांच्या धाकट्या बंधूंचा एक अल्बम आला. चामडी बांधणी, पितळी चाप, सोनेरी कडांची जाड पाने, पहिल्या पानावर इंग्रजीत सही आणि तिच्याखाली ‘बडोदा कॉलेज, १८८७’. खाचांच्या पानांत ४८ जागा असून त्यांपैकी ४४ भरलेल्या आहेत. काही चित्रांखाली मोडीत, काहींखाली इंग्रजीत नावे आहेत, आणि शेवटच्या कोऱ्या पानांवर लहान गोल चित्रे चिकटवलेली आहेत. मुंबईच्या एका व्यापाऱ्यांना यांतील सातच चित्रे हवी आहेत: इंदूरचे छायाचित्रकार दीनदयाळ यांचा छाप असलेली तीन, महाराज सयाजीरावांचे एक, कॉलेजच्या इमारतीचे एक आणि गोल चित्रांपैकी दोन. उरलेला अल्बम घरच्यांनी आठवण म्हणून ठेवावा, असा त्यांचा सल्ला आहे. ही सात चित्रे द्यावीत का, अल्बमचे मोल कसे ठरवावे आणि तोपर्यंत तो कसा सांभाळावा, असे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: देऊ नयेत. अल्बम विकायचाच असेल तर तो अखंड विकावा, आणि विकायचा नसेल तर अखंड ठेवावा. जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे यांची निगा व मूल्यांकन हेच माझे काम असल्यामुळे असे फोडलेले अल्बम माझ्यासमोर वारंवार येतात. त्यांतील चांगली चित्रे बाहेर गेल्यावर मागे जे उरते, त्याला बाजारात भाव राहत नाही आणि अभ्यासकाच्या दृष्टीनेही त्याचा अर्थ अर्धा नाहीसा झालेला असतो. बाहेर गेलेल्या चित्रांचेही तेच होते. ते चित्र कोणी, कोणाला, कशासाठी दिले होते हे सांगणारी जागा मागे राहिलेली असते.

असे अल्बम तयार कसे होत, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण मोलाचा प्रश्न तेथूनच सुटतो. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी यांनी लहान आकाराच्या छायाचित्र-कार्डाचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक प्रतिमा घेऊन त्या कापून पुठ्ठ्यावर डकवण्याची ती युक्ती होती. सुमारे अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच अशा या ‘कार्ट द व्हिजिट’मुळे छायाचित्र स्वस्त झाले, पाकिटात घालून पाठवता येऊ लागले आणि मित्रांत अदलाबदलीची वस्तू बनले. १८६६ मध्ये त्याहून मोठे, सव्वाचार इंच बाय साडेसहा इंच पुठ्ठ्याचे ‘कॅबिनेट कार्ड’ आले. दोन्ही आकारांच्या खाचा असलेले अल्बम युरोपात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि तेथून आपल्याकडेही आले. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यार्थ्यांत सहाध्यायी, प्राध्यापक आणि नौकासंघाचे सोबती यांची कार्डे जमवण्याची चाल त्याच काळात रूढ झाली. अमेरिकेतील हार्वर्ड, येल यांसारख्या कॉलेजांत तर एकेका वर्गाचा अल्बम छायाचित्रकाराकडूनच तयार करून घेत. बॉस्टनचे जॉर्ज वॉरन यांचे नाव अशा वर्ग-अल्बमांसाठी आजही संग्राहक आदराने घेतात. वर्ग-अल्बम आणि विद्यार्थ्याने स्वतः जमवलेला अल्बम यांत मात्र फरक केला पाहिजे. पहिल्यात चित्रांची निवड बव्हंशी वर्गाने आणि छायाचित्रकाराने केलेली असते, आणि एकाच वर्गाच्या अनेक प्रती जवळपास सारख्या असू शकतात. दुसऱ्याची दुसरी प्रत जगात नसते, कारण कोणाला कोठे बसवायचे हे एका विशीतल्या मुलाने ठरवलेले असते.

आपल्या अल्बमाची जागा या दुसऱ्या प्रकारात आहे, आणि बडोद्याच्या संदर्भात ती अधिकच महत्त्वाची आहे. बडोदा कॉलेज १८८१ मध्ये सुरू झाले. इंग्रज वास्तुरचनाकार चिझम यांनी रचलेली, मोठ्या घुमटाची ती इमारत आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कलाशाखेची म्हणून ओळखली जाते. त्याच वर्षाच्या अखेरीस सयाजीरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. म्हणजे १८८७ साली अल्बमावर सही करणारा विद्यार्थी कॉलेजच्या अगदी पहिल्या पिढीतला आहे. या पिढीचे सरकारी अहवाल आहेत, परीक्षांचे निकाल आहेत, दरबारी समारंभांची चित्रे आहेत. परंतु या मुलांनी एकमेकांकडे कसे पाहिले, कोणाला जवळचे मानले, याचा पुरावा फार थोडा उरला आहे. तो अशा खाचांच्या पानांतच सापडतो.

म्हणून अल्बम हातात घेतल्यावर पहिली नजर सुट्या चित्रांवर जाऊ देऊ नये, क्रमावर ठेवावी. पहिल्या पानावर कोण आहे? वडील, गुरू, महाराज की राणी व्हिक्टोरिया? मित्र कितव्या पानापासून सुरू होतात? समोरासमोरच्या पानांवर कोणाच्या जोड्या लावल्या आहेत? घरच्या स्त्रियांची चित्रे आहेत का, आणि असल्यास ती मित्रांच्या चित्रांपासून वेगळी, शेवटाकडे ठेवली आहेत का? १८८० च्या दशकातील मराठी घरातल्या विद्यार्थ्याच्या अल्बमात आई किंवा बहिणीचे चित्र असणे हीच एक मोठी बातमी असते. कोणाचे नाव मोडीत लिहिले आहे आणि कोणाचे इंग्रजीत, याचाही अभ्यास करावा. बहुधा घरचे व गावचे लोक मोडीत आणि कॉलेजातले लोक इंग्रजीत असे विभाजन दिसेल, आणि ते मोडणारी एक-दोन नावे सर्वांत बोलकी ठरतील. त्या चार रिकाम्या जागांकडेही दुर्लक्ष करू नये. जागा रिकामी आणि खाली नाव लिहिलेले, असे असेल तर तेथे चित्र होते आणि कोणी तरी ते काढून घेतले आहे. नाव नसेल आणि खाचेच्या कडा कोऱ्या, न ताणलेल्या असतील तर ती जागा कधीच भरली गेली नव्हती. या दोन्ही गोष्टी टिपून ठेवण्यासारख्या आहेत.

आता कालनिश्चिती. ‘१८८७’ हे अल्बम सुरू केल्याचे वर्ष समजावे, त्यातील प्रत्येक चित्राचे समजू नये. काही कार्डे त्याआधीची असतील आणि काही चित्रे बहुधा नंतरची आहेत. आपली गोल चित्रे हा याचा उत्तम पुरावा ठरू शकेल. अमेरिकेतील ईस्टमन यांचा ‘कोडॅक’ कॅमेरा १८८८ मध्ये बाजारात आला. त्यात शंभर चित्रांची फिल्म भरूनच येई, चित्रे गोल आणि सुमारे अडीच इंच व्यासाची उमटत, आणि फिल्म संपल्यावर कॅमेरा तसाच्या तसा कारखान्याकडे धाडावा लागे. पुढच्या वर्षी आलेल्या मोठ्या नमुन्याची चित्रेही गोलच, पण साडेतीन इंचांची होती. आपल्याकडील चित्रांचा व्यास मोजावा. तो यांपैकी एक निघाला तर मालकाने किंवा त्याच्या एखाद्या मित्राने १८८८ नंतर स्वतः कॅमेरा हाताळला, असे मानण्यास भक्कम आधार मिळतो. त्या कॅमेऱ्याची किंमत २५ डॉलर होती, म्हणजे तो सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यातला नव्हता. तो कोणाचा होता, हा शोध घेण्याजोगा प्रश्न आहे. स्टुडिओत ताठ बसलेल्या चेहऱ्यांनंतर अचानक अंगणात उभी असलेली, हललेली, हसणारी माणसे दिसू लागतात, तो क्षण या अल्बमात एकाच बांधणीत नोंदला गेला आहे. त्यातील दोन चित्रे सोलून काढणे म्हणजे हा दुवाच तोडणे होय. शिवाय ती चिकटवलेली असल्यामुळे काढताना पान आणि चित्र दोन्ही फाटण्याची शक्यता मोठी आहे.

पुठ्ठ्यांवरूनही काळ कळतो. साधारणपणे १८६० च्या दशकातील कार्डे पातळ, चौकोनी कोपऱ्यांची आणि मागे साधे नाव छापलेली असतात. १८७० नंतर कोपरे गोलावतात आणि पुठ्ठा जाड होतो. १८८० च्या दशकात गडद तपकिरी, काळे, हिरवे पुठ्ठे, सोनेरी तिरक्या कडा आणि पाठीमागे नक्षीदार छाप दिसू लागतात. हे नियम युरोपातील सवयींवरून बांधलेले आहेत. आपल्याकडच्या स्टुडिओंत बाहेरून आणलेला पुठ्ठ्यांचा साठा संपेपर्यंत वापरला जाई, त्यामुळे पुठ्ठ्यावरून काढलेल्या वर्षाला काही वर्षांची सूट देणेच शहाणपणाचे. छायाचित्रकाराचा पत्ता आणि त्याच्या पदव्या अधिक भरवशाच्या असतात.

दीनदयाळ यांच्या तीन कार्डांना हेच लागू पडते. दीनदयाळ इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८७० च्या दशकात त्यांनी छायाचित्रण हाती घेतले आणि मध्य भारतातील गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डॅली यांचे त्यांना प्रोत्साहन मिळाले. १८८० च्या दशकाच्या मध्यास ते निजामाच्या आश्रयास गेले, सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ उभा राहिला आणि १८९६ मध्ये मुंबईतही शाखा निघाली. छापात ‘राजा’ ही पदवी असेल तर ते कार्ड निजामाने ती दिल्यानंतरचे, म्हणजे कॉलेजच्या वर्षांनंतरचे ठरते. तसे नसून छाप केवळ इंदूरचा असेल, तर ही कार्डे अल्बम सुरू होण्याआधीची असण्याचा संभव मोठा आहे. मग ती बडोद्याच्या विद्यार्थ्याकडे आली कोठून? आपल्या घराण्याचे इंदूरशी नाते होते का, आजोळ किंवा बहिणीचे सासर तिकडे होते का, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. व्यापाऱ्यांना त्या कार्डांत छायाचित्रकाराचे नाव दिसते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु त्यांत आपल्या पणजोबांचे मामा बसलेले असतील, तर ‘इंदूरच्या दीनदयाळांकडे चित्र काढवून घेणारे मराठी कुटुंब’ ही माहिती केवळ छापापेक्षा किती तरी मोलाची आहे, आणि ती या अल्बमाबाहेर सिद्ध करता येणार नाही.

महाराजांच्या चित्राविषयी घरच्यांचा समज बहुधा उलटा असतो. राजेरजवाड्यांची कार्डे स्टुडिओ विक्रीसाठी काढत आणि ती अनेक अल्बमांत सापडतात. सयाजीरावांचा जन्म १८६३ चा आहे, १८७५ मध्ये ते दत्तक आले. चेहऱ्यावरून वयाचा अंदाज बांधून कार्डाचा काळ लावता येईल, पण ते दुर्मीळ असेलच असे नाही. याउलट ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही, पण ज्याच्या चित्राखाली मोडीत पूर्ण नाव, गाव आणि इयत्ता लिहिलेली आहे, असा एखादा सहाध्यायी हा अल्बमातला खरा दुर्मीळ ऐवज असतो. पत्रातील वर्णनावरून अशी निदान काही कार्डे आपल्याकडे आहेत, आणि व्यापाऱ्यांच्या यादीत त्यांतले एकही नाही.

चित्र मूळ आहे की नंतरची नक्कल, हे घरच्या घरीही बरेच तपासता येते. दहा पटींचे एक भिंग आणि खिडकीचा तिरका उजेड पुरतो. त्या काळातील बहुतेक स्टुडिओ-चित्रे अल्ब्युमेन कागदावर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर असतात. या कागदाची मागणी एवढी होती की ड्रेस्डेनच्या एका कारखान्याने १८८८ या एका वर्षात त्यासाठी साठ लाखांहून अधिक अंडी वापरली. भिंगाखाली अल्ब्युमेन चित्रात कागदाचे तंतू दिसतात, पृष्ठभागावर बारीक भेगांचे जाळे असते, सावल्या जांभळट-तपकिरी आणि उजळ भाग पिवळसर झालेले असतात. जिलेटिनच्या थराच्या चित्रात तंतू बहुधा दिसत नाहीत, कारण मध्ये एक पांढरा थर असतो. तेथे गडद भागांवर तिरक्या उजेडात निळसर, आरशासारखी चकाकी दिसते. ती चांदी पृष्ठभागाकडे सरकल्याची खूण असून बनावटपणाची नव्हे, म्हणून ती पुसू नये. प्लॅटिनम कागदावरचे चित्र चमकरहित आणि राखाडी-काळे असते, फिकट होत नाही, आणि समोरच्या पानावर स्वतःची पिवळट सावली उमटवते. अशी सावली दिसली आणि समोर भलतेच चित्र असले, तर चित्रे नंतर हलवली गेली आहेत हे निश्चित. आणि भिंगाखाली सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले, तर ते छापखान्यात छापलेले चित्र आहे.

हीच तपासणी अल्बम विकत घेणाऱ्यांनीही करावी. वेगवेगळ्या घरांतील सुटी कार्डे एका रिकाम्या जुन्या अल्बमात भरून तो ‘विद्यार्थ्याचा अल्बम’ म्हणून पुढे केला जातो. खाचेतील चौकटीच्या रंगाची रेषा आणि कार्डाच्या कडेची फिकट रेषा जुळते का ते पाहावे. जुळत नसेल तर ते कार्ड त्या जागी दीर्घकाळ नव्हते. नावे बॉलपेनने लिहिलेली असतील तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची आहेत, आणि तेव्हा ती कोणी व कोणत्या माहितीवर लिहिली हे विचारले पाहिजे. टाकाने लिहिलेली लोहयुक्त शाई काळानुसार तपकिरी होते, काजळीची शाई काळी राहते. आपल्या अल्बमातील मोडी आणि इंग्रजी लेखन एकाच हाताचे व एकाच शाईचे आहे की नाही, हे मोडी वाचणाऱ्या जाणकाराला मूळ अल्बम दाखवूनच ठरवावे. फोनवर पाठवलेल्या छायाचित्रावरून शाईचा निर्णय करू नये.

माणसांची ओळख पटवण्यासाठी पहिला आधार कपड्यांचा आहे. पुणेरी, शिंदेशाही, होळकरी आणि गायकवाडी पगड्या, पारशी टोप्या, गुजराती पागोटी यांवरून समूहचित्रातील मुलगा कोठून आला असावा याचा अंदाज बांधता येतो, मात्र तो अंदाजच म्हणून नोंदवावा. दुसरा आधार छापील नोंदींचा. बडोदा कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते, आणि त्या विद्यापीठाच्या वार्षिक कॅलेंडरांत पदवी मिळवणाऱ्यांची नावे असतात. पहिल्या पानावरची सही आणि चित्रांखालची नावे त्या याद्यांशी ताडून पाहिली, तर काही चेहऱ्यांना पूर्ण नाव व वर्ष मिळेल. कोणी पुढे विलायतेला गेला असल्यास केंब्रिजच्या १९०० पर्यंतच्या विद्यार्थ्यांची व्हेन यांनी संकलित केलेली सूची उपयोगी पडते. येथे एक इशारा आवश्यक वाटतो. बडोद्याच्या कॉलेजचे कोणतेही जुने समूहचित्र समोर आले की त्यात अरविंद घोष शोधले जातात, आणि कित्येकदा ‘सापडतात’ही. ते इंग्लंडहून बडोद्यास १८९३ मध्ये आले. त्याआधीच्या चित्रात ते असणे शक्य नाही, आणि नंतरच्या चित्रातही लेखी आधाराशिवाय त्यांचे नाव लावू नये. तसेच १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवन या बडोद्यातील तंत्रशाळेशी, जेथे पुढे दादासाहेब फाळके शिकले, गोल चित्रांचा संबंध केवळ काळ जुळतो म्हणून जोडू नये. चुकीचे नाव एकदा चिकटले की ते विक्रीच्या प्रत्येक कागदावर पुढे चालत राहते आणि शेवटी अल्बमाच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडवते.

किमतीविषयी मी येथे आकडा देणार नाही, कारण अल्बम न पाहता दिलेला आकडा आपली दिशाभूलच करील. कोणत्या गोष्टींनी किंमत चढते, हे मात्र सांगता येते. मालक कोण हे नक्की असणे, चित्रांतील माणसांची नावे समकालीन हस्ताक्षरात असणे, अल्बम एकाच घरात राहिल्याची साखळी सांगता येणे, स्टुडिओ-चित्रांबरोबर हौशी चित्रे असणे, आणि क्रम न बिघडणे. पत्रावरून या पाचही गोष्टी आपल्याकडे असाव्यात असे दिसते, आणि हा योग विरळा आहे. चित्रे फिकट असणे, चामडे झिजलेले असणे, एखादा चाप तुटलेला असणे यांनी किंमत थोडी उतरते, फार नाही. दुरुस्ती करून नवे चामडे चढवले तर ती अधिक उतरते. सुट्या, अनामिक स्टुडिओ-कार्डांना सर्वांत कमी भाव येतो. सात चित्रे गेल्यावर उरलेली बहुतेक पाने जाणकार खरेदीदाराच्या लेखी त्याच पायरीवर उतरतील, कारण त्याला फोडलेला अल्बम चटकन ओळखता येतो. म्हणून सात चित्रांच्या देकाराची तुलना सात चित्रांच्या भावाशी न करता, अखंड अल्बमाची किंमत आणि फोडलेल्या अल्बमाची उरलेली किंमत यांतील फरकाशी करावी.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू, तसेच ऐतिहासिक, साहित्यिक, शास्त्रीय किंवा सौंदर्यविषयक महत्त्वाची पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते व दस्तऐवज पुरावशेषांच्या व्याख्येत येतात. पुरावशेष खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाहीत, आणि त्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. एखादी विशिष्ट वस्तू या व्याख्येत बसते की नाही, याबाबत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करता येते. परदेशातील खरेदीदाराचा निरोप आला तर ही विचारणा आधी करावी, आणि कोणत्याही व्यापाऱ्याकडे परवान्याची चौकशी निःसंकोचपणे करावी.

सांभाळण्याच्या बाबतीत बडोद्याच्या हवेत मुख्य शत्रू पावसाळ्यातील ओल आणि कसर हे आहेत. अल्बम बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये, जमिनीलगतच्या कप्प्यातही नको. आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत तो आडवा ठेवावा. उभा ठेवल्यास जड पानांच्या भाराने पाठीची शिवण सुटते. पानांमध्ये मऊ कागद घालण्याचा मोह होतो, परंतु खाचांच्या जाड पानांच्या अल्बमात अशा कागदांनी बांधणी फुगून फाटते, म्हणून प्लॅटिनम चित्रांसारख्या एखाद्या ठिकाणापलीकडे ते टाळावेत. पोथ्यांना आपण वेखंड, कडुलिंबाचा पाला किंवा कापूर ठेवत आलो आहोत, पण यांतील काहीही आणि डांबरगोळ्याही या पेटीत नकोत. पाल्याचे डाग पडतात आणि गोळ्यांची वाफ चित्रांना व जुन्या सरसांना हितकारक नसते. भाद्रपदात पोथ्यांना ऊन दाखवण्याची घरोघर रीत आहे, तीही येथे लागू करू नये, कारण अल्ब्युमेन चित्र उन्हात वेगाने फिकट होते आणि आक्रसून वळते. सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली आणि शक्यतो स्थिर राहिली की पुष्कळ काम झाले. एक लहान आर्द्रतामापक पेटीजवळ ठेवावा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पेटीची पाहणी करावी, अल्बम मात्र वारंवार उघडू नये. चामड्याची लाल भुकटी हाताला लागत असेल तर तेल किंवा बुटांचे पॉलिश लावू नये. सुती फीत सैल बांधून ठेवणे एवढेच पुरेसे आहे. चिकटपट्टी, फेव्हिकॉल, लॅमिनेशन आणि पीव्हीसीची प्लास्टिक पाकिटे यांपासून अल्बम कायमचा दूर ठेवावा.

कार्डे खाचेतून काढून मागचे छाप पाहावेच लागतील. हे काम कोरड्या हवेच्या दिवसांत, स्वच्छ कोरड्या हातांनी किंवा नायट्राइलच्या हातमोज्यांनी करावे. सुती मोज्यांत स्पर्शाचा अंदाज येत नाही आणि त्यांचे धागे कार्डाच्या कडांत अडकतात. कार्ड बहुधा खालच्या फटीतून आत सरकवलेले असते. पातळ पॉलिएस्टरची पट्टी त्याच्या मागे सरकवून ते हळूच ओढावे, आणि अडकल्यास तेथेच थांबावे, कारण त्या अरुंद फटीचा कागद फाटला की पुन्हा जुळत नाही. एका वेळी एकच कार्ड बाहेर असावे. आधी प्रत्येक पूर्ण पानाचे, मग प्रत्येक चित्राचे आणि नंतर पाठीचे छायाचित्र घ्यावे. अल्बम स्कॅनरवर उलटा दाबू नये, वरून कॅमेरा लावून दोन्ही बाजूंनी सारखा उजेड द्यावा. रिकाम्या चार जागांचीही छायाचित्रे घ्यावीत. पान व जागा यांचे क्रमांक वेगळ्या वहीत लिहावेत, चित्रांवर किंवा पानांवर काहीही लिहू नये. वाड्याच्या वाटणीतील इतर नातेवाइकांना हा डिजिटल संच द्यावा. त्यांच्यापैकी कोणाला तरी एखादे नाव आठवेल, आणि काढून नेलेले चित्र कोणाच्या भिंतीवर चौकटीत असणेही अशक्य नाही.

पुढे विकण्याऐवजी संस्थेला देण्याचा विचार झाला, तर अल्बम फोडला जाणार नाही, क्रम बदलला जाणार नाही आणि कुटुंबाला प्रती मिळतील, या तीन अटी दानपत्रात लिहून घ्याव्यात. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी बदलतो. वाटणीत अल्बम आपल्याच वाट्याला आला असल्याची लेखी नोंदही त्याआधी करून घ्यावी.

मुंबईच्या व्यापाऱ्यांना सध्या एवढेच कळवावे की अल्बम अखंडच राहील, त्याची सूची तयार होत आहे, आणि ती पूर्ण झाल्यावर संपूर्ण अल्बमासाठी लेखी देकार द्यायचा असल्यास त्यांनी तो आपल्या घरी येऊन, अल्बम समक्ष पाहून द्यावा. ‘दाखवण्यासाठी’ म्हणून तो त्यांच्याकडे ठेवण्यास देऊ नये. त्याच सूचीवरून त्यांच्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या एका जाणकाराकडूनही मूल्यांकन घ्यावे, आणि दोन्ही कागद हाती आल्याशिवाय कोणत्याही खरेदीदाराला होकार देऊ नये.